कोमेजलेले रोप तहानलेलेच असते का?

उटी किंवा कोडाईकनालच्या सहलीहून परतताना काहीजण हौसेने फ्युशियाचे रोप आणतात. कानातल्या डुलांसारखी लोंबणारी त्याची लाल-जांभळी फुले मोह पाडतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात थंडीचे दिवस ते बरे काढते. मे महिन्यात मात्र मान टाकते. मग भराभर पाणी घातले जाते. तरीही, किंबहुना त्यामुळेच, रोप मरते. असे का व्हावे? हा प्रश्न एकट्या फ्युशियाचा नाही. शाळेच्या व्हरांड्यातील बहुतेक कुंड्यांना तो लागू पडतो.

रोप मुळांवाटे जेवढे पाणी घेते, त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पर्णरंध्रांवाटे वाफ होऊन निघून जाते. हा जमाखर्चाचा हिशेब आहे. मे महिन्यात दुपारची हवा तापलेली आणि कोरडी असते. खर्च जमेपेक्षा वाढतो, पेशींमधील पाण्याचा दाब कमी होतो आणि पाने लोंबतात. माती ओली असतानाही हे घडू शकते. संध्याकाळी खर्च घटला की पाने पुन्हा ताठ होतात. म्हणून दुपारचे कोमेजणे ही तात्पुरती तूट समजावी. सकाळीही पाने लोंबलेली असतील, तर मात्र ती धोक्याची खूण होय.

जमिनीतील मुळांना खोलवर गारवा मिळतो. कुंडी मात्र सगळ्या बाजूंनी तापते. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी उन्हात असेल तर अधिकच. मुळेही श्वसन करतात आणि तापमान वाढले की त्यांची प्राणवायूची गरज वाढते. पाण्याचे वागणे याच्या उलट असते. हवेच्या संपर्कातील एक लिटर पाण्यात २०° से. तापमानाला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ४०° से. ला जेमतेम साडेसहा. त्यात आपण पाणी ओतत राहिलो, तर मातीतील हवेच्या पोकळ्याही भरून जातात. गुदमरलेली मुळे कुजतात, पाणी ओढू शकत नाहीत आणि पाने पुन्हा लोंबतात. आपण आणखी पाणी घालतो!

फ्युशियाला हा त्रास अधिक का होतो, याचे उत्तर त्याच्या माहेरी आहे. त्याच्या बहुतेक जाती मध्य व दक्षिण अमेरिकेतील डोंगरांवरच्या थंड, दमट रानांतल्या. १७०३ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए यांनी जर्मन वैद्य लेओनहार्ट फुक्स यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले. समुद्रसपाटीपासून नगर शहराची उंची सुमारे ६५० मीटर, तर उटीची सुमारे २,२४० मीटर आहे. दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, असे धरून विद्यार्थ्यांना दोन्ही ठिकाणांतील फरक काढायला सांगावे. उत्तर सुमारे दहा अंश येईल. शिवाय आपल्याकडे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरडी हवा!

मग काय करावे? कुंडीला फक्त सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी जागा निवडावी. पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे आणि तेही मातीत दोन पेरे बोट खुपसून पाहिल्यावरच. मातीवर उसाच्या पाचटाचा थर पसरावा; जिल्ह्यात ते सहज मिळते. या दिवसांत खत देऊ नये, कारण मुळे मंदावलेली असताना मातीतील क्षार वाढून अपाय होतो. मोठी छाटणीही थंडावा येईपर्यंत थांबवावी. उन्हाळ्यात फुले आली नाहीत तरी चालेल. रोप जगणे महत्त्वाचे.

सर्वांत उपयोगी युक्ती आपल्या माठातच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणून मातीची कुंडी तिच्याहून मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी आणि मधल्या जागेत वाळू भरून ती ओलसर ठेवावी. बाहेरच्या कुंडीच्या तळाला भोक असावे, म्हणजे पाणी साचणार नाही. कोरड्या हवेत बाष्पीभवन जलद होते, त्यामुळे कोकणापेक्षा ही युक्ती आपल्याकडे अधिक साधते. वाळूसाठी तांदूळ धुतलेले पाणीही चालते.

करून पाहा

सारख्या आकाराच्या तीन कुंड्या घ्या: एक काळ्या प्लॅस्टिकची, एक मातीची आणि एक वाळूच्या वेष्टनातील मातीची. तिन्हींत सारखी माती भरून सारखेच पाणी घाला आणि त्या एकाच जागी ठेवा. दुपारी तीन वाजता पाच सेंटिमीटर खोलीवरील मातीचे तापमान आठवडाभर नोंदवा. पहिल्या दोन कुंड्यांचे रोज वजनही करा. घटलेले वजन म्हणजे उडून गेलेले पाणी.

मे महिन्याच्या सुटीसाठी संक्रांतीची रंग न दिलेली सुगडे जपून ठेवावीत. कुंडीतील मातीत सुगड गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. माती कोरडी होईल तसे पाणी सुगडातून झिरपते. ते किती दिवसांत रिकामे होते हे सुटीपूर्वीच मोजावे आणि त्यानुसार पाणी भरण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत कुंडीला किती पाणी पुरते हे मोजून ठरवायला शिकणे, हा विज्ञानाचा धडा तर आहेच, पण तेवढाच शेजारधर्माचाही आहे.