पंपिंगचा आकडा आणि वाड्याचा जिना

पुण्याच्या शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांचे लाकडी जिने अरुंद, अंधारे आणि उभे. तो जिना चढताना मध्येच थांबावं लागलं, की घरातले म्हणतात, ‘वय झालं आता.’ पुष्कळदा कारण वय नसतं, अशक्त झालेलं हृदय असतं. भारतातल्या 53 रुग्णालयांनी हार्ट फेल्युअरच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा त्यांचं सरासरी वय साठीच्या आसपास निघालं. या आजारात हृदय बंद पडलेलं नसतं. शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. मग पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं पडलं की दम लागतो.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतो. ‘पंपिंग 30 टक्के’ ऐकून सगळं घर हबकतं. दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, ते हे पंपिंग. उपचार ठरवायला तो आकडा हवाच, पण माणूस कसा जगतोय ते त्यातून कळत नाही. सारखंच पंपिंग असलेल्या दोघांपैकी एक सावकाश का होईना ओंकारेश्वराला जाऊन येतो, दुसरा खोलीबाहेर पडत नाही. आजारासह माणूस कसा जगतोय हे मोजायला अमेरिकेतल्या कॅन्सास सिटीतल्या डॉक्टरांनी 23 प्रश्नांची प्रश्नावली तयार केली; ती 2000 साली प्रसिद्ध झाली. अंघोळ करताना त्रास होतो का, भेटीगाठी सुटल्या का, उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल, असं ती रुग्णालाच विचारते. आपल्याकडे तपासणीच्या घाईत नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

संकटाला माणसं कशी सामोरी जातात, यावर लॅझरस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 साली पुस्तक लिहिलं. काही जण अडचणीवरच उपाय शोधतात, काही आधी मन सावरतात. दोन्हींची गरज असते. हृदयरुग्णांच्या अभ्यासांत वारंवार दिसतं, की आजार नाकारणाऱ्यांची आणि स्वतःला दोष देत बसणाऱ्यांची जगण्याची प्रत खालावते. दर पाचांतल्या साधारण एकाला नैराश्य असतं. त्यावरही उपचार हवेत. ‘मन घट्ट कर’ एवढ्याने भागत नाही.

पेठेतलं रोजचं उदाहरण लघवी वाढवणाऱ्या ‘पाण्याच्या गोळी’चं. लग्नाला जायचंय, वाटेत सोय नसेल, म्हणून ती टाळली जाते आणि दोन दिवसांत सूज चढते. गोळी बंद न करता तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारणं म्हणजे अडचणीवर उपाय शोधणं. मीठ कमी करायला सांगितलं तरी उपासाचं सैंधव चालतं, हा गैरसमजच. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘लो सॉल्ट’मध्ये बहुधा पोटॅशियम असतं आणि या आजारावरच्या काही औषधांबरोबर ते धोक्याचं ठरतं. गुडघे दुखतात म्हणून परस्पर आणलेल्या अनेक वेदनाशामक गोळ्यांनीही शरीरात पाणी साठतं.

व्यायामाची भीती हाही असाच गैरसमज. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, 2331 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत देखरेखीखालच्या व्यायामाने जगण्याची प्रत थोडी पण खरोखर सुधारली. प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून चालायला लागावं.

शरीरात पाणी साठतंय का ते वेळीच कळावं, म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.