सॉल्ट मिळालं नाही, तर नोंदणी थांबवा

नांदेडच्या एखाद्या कॉलेजच्या पोर्टलवर दोघांनी ‘नांदेड१२३’ हाच पासवर्ड ठेवला, तरी डेटाबेसमध्ये त्यांचे हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढून साठवलेली रूपं, वेगळे दिसायला हवेत. ते काम सॉल्टचं. बीक्रिप्ट या पासवर्ड-हॅशिंग पद्धतीत सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डसाठी नव्याने काढलेले १६ यादृच्छिक बाइट. ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून मागताना क्वचित एरर येतो. तेव्हा शून्यं किंवा घड्याळाची वेळ भरून पुढे जाणारा कोड सर्वांत घातक, कारण नोंदणी सुरळीत चालते आणि कुणाला पत्ताच लागत नाही. डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीमधला यादृच्छिकतेचा दोष २००६ ते २००८ असाच दडून राहिला. तिने बनवलेल्या एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या होत्या. म्हणून यादृच्छिक बाइट देणाऱ्या फंक्शनने काय परत केलं ते दर वेळी तपासा. एरर असेल तर हॅश साठवू नका, लॉगमध्ये नोंद करा आणि विद्यार्थ्याला ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ असं स्पष्ट दाखवा.