टिळकांच्या घरातले ठोंबरे

बालकवींच्या कविता शाळेत पाठ करणाऱ्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हा ब्राह्मण कवी नगरला एका ख्रिस्ती घरात घरचा मुलगा होऊन राहिला होता. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबऱ्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. त्याच संमेलनात टिळकांनी त्याला हेरले आणि पुढे त्याला आपल्या घरात जागा दिली. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त ठोंबऱ्यांविषयी इतक्या मायेने लिहिले आहे, की हे पोर त्यांचेच असावे असे वाटते. 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. तोवर ते हिंदूच होते.

आता गंमत पाहा. टिळक होते अमेरिकन मराठी मिशनचे उपदेशक. ख्रिस्ताची ओळख करून देणे हेच त्यांचे काम. इतका लाडका माणूस घरात असूनही त्याचा बाप्तिस्मा झाला नाही, आणि म्हणून त्या घरातली त्याची जागा गेली नाही. मैत्री खरी होती की नुसते जाळे होते, हे ओळखायला याहून चांगली खूण मला तरी सुचत नाही.

टिळक स्वतः ख्रिस्ताकडे वळले तेही एका ओळखीतूनच. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा काव्यावरून धर्मावर गेल्या. उतरताना त्याने बायबलचे पुस्तक हातात ठेवले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पण टिळकांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. एवढा मोठा निर्णय त्यांनी पत्नीला विश्वासात न घेता उरकला. लक्ष्मीबाईंची पुढची चार-पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने गेली. नगरला आल्या तेव्हाही त्यांची चूल वेगळी, सोवळे कडक. इथे मात्र टिळक थांबायला शिकले. सोवळे मोडा असा हट्ट त्यांनी धरला नाही. पुढे राहुरीत असताना बाईंनी स्वतःच विचार केला, की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे. त्यांनी आधी सोवळे सोडले. बाप्तिस्मा नंतर, 1900 साली.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही तिथे येऊ शकत होता, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, टिळक गेले आणि तो प्रयोग फारसा वाढला नाही. पण पगार घेऊन धर्म सांगणाऱ्याच्या स्नेहावर लोक कायम संशय घेतात, हे त्यांना पुरते उमगले असावे, असे मला वाटते.

तो संशय आज कमी झालेला नाही, वाढलाच आहे. नगर आता अहिल्यानगर झाले, वाडे पडून फ्लॅट आले, आणि शेजाऱ्याने पाठवलेल्या ताटामागे काही हेतू तर नसेल, असे विचारणारे निरोप फोनवर फिरू लागले. धर्मांतराच्या नावाने गावोगाव वाद झडतात. काही प्रचारकांचा उतावीळपणाही त्याला खतपाणी घालतो, हे ख्रिस्ती मंडळींनीही मान्य करावे. तरी सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावी मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा नवस फेडायला हिंदू बायाही रांगेत दिसतात. कुणी कुणाला धर्म विचारत नाही.

माझ्या ओळखीच्या एक ख्रिस्ती बाई नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांची ताटे जिन्यातल्या सगळ्या घरी देतात. दिवाळीत त्यांच्याकडेही ताटे येतात. येशूविषयी बोलता का कधी, असे मी विचारले. “कुणी विचारलं तर सांगते,” त्या म्हणाल्या, “समोरच्या काकूंनी तेरा वर्षांनी विचारलं. तोवर आम्ही सुनांविषयीच बोलत होतो.”