अडुळशाचा काढा आणि फ्लूचा विषाणू

पावसाळ्यात शाळा सुरू झाली, की पंधरा दिवसांत वर्गात खोकल्याची साथ येते आणि घरोघरी अडुळशाचा काढा उकळू लागतो. "काढ्याने विषाणू मरतात का?" असे मुले विचारतात. याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. वनस्पतीतील द्रव्य नेमके कोठे काम करते, हे आधी पाहावे लागते.

सर्दी-फ्लूचे विषाणू श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींत शिरतात आणि तेथे स्वतःच्या असंख्य प्रती तयार करवून घेतात. पेशी मरतात, सूज येते, कफ वाढतो. तेव्हा औषध दोन प्रकारे उपयोगी पडू शकते : विषाणूची वाढ रोखून, किंवा त्याने होणारा त्रास कमी करून.

अडुळसा दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याच्या पानांत व्हॅसिसीन हे अल्कलॉइड असते. १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे त्याच्या रचनेवरून १९६०च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्झीन हे औषध तयार झाले. कफाला चिकटपणा येतो तो त्यातील लांबलचक रेणूंच्या जाळ्यामुळे. ब्रोमहेक्झीनने कफ पातळ होतो आणि खोकून बाहेर टाकणे सोपे जाते. शरीरात त्याचे ॲम्ब्रॉक्सॉलमध्ये रूपांतर होते. तेही स्वतंत्र औषध म्हणून मिळते. खोकल्याच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांवरची बारीक अक्षरे विद्यार्थ्यांना वाचायला लावावीत. ही नावे हमखास सापडतील. मात्र ही औषधे कफासाठी दिली जातात, विषाणूसाठी नव्हे.

पहिल्या प्रकारचे उदाहरण आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. बाद्यानमध्ये, म्हणजे चक्रीफुलात, शिकिमिक आम्ल असते. त्यापासून अनेक रासायनिक पायऱ्यांनी ओसेल्टामिविर बनवतात. हे औषध १९९९ मध्ये वापरात आले आणि २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात घराघरांत माहीत झाले. पेशीतून बाहेर पडणारे नवे फ्लूचे विषाणू तिच्या पृष्ठभागाला चिकटलेले असतात. न्यूरामिनिडेझ हे विकर तो बंध तोडून त्यांना मोकळे करते. ओसेल्टामिविर या विकरालाच अडवते. पण खुद्द शिकिमिक आम्लात हा गुण नाही! त्यामुळे बाद्यानचा काढा म्हणजे ओसेल्टामिविर नव्हे. लोखंडाच्या खनिजाने भाकरी भाजता येत नाही, त्यासाठी तवाच लागतो.

'अमुक वनस्पतीने विषाणू मरतो' अशा बातम्या बहुधा काचपात्रातील प्रयोगांवरून येतात. आम्ही प्रयोगशाळेत पेशींवर द्रव्य थेट ओततो. शरीरात ते आतडे, यकृत आणि रक्त असा प्रवास करून फुप्फुसात पोहोचावे लागते. हळदीत कुरकुमिन साधारण ३ टक्के असते. दीड ग्रॅम हळद दुधात घातली तर सुमारे ४५ मिलिग्रॅम कुरकुमिन पोटात जाते, आणि त्यातले फारच थोडे रक्तात उतरते. हळदीचे दूध घशाला बरे वाटते, ते जरूर प्यावे. पण काचपात्रातला निष्कर्ष त्याला लावता येत नाही. शिवाय साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते आणि श्रेय शेवटी घेतलेल्या काढ्याला मिळते. म्हणून काढा घेणारे आणि न घेणारे अशा दोन गटांची तुलना केल्याशिवाय आम्ही निर्णय देत नाही.

पूरक उपचार हा मुख्य उपचारासोबत करायचा असतो, त्याच्या जागी नव्हे. आणि वनस्पतिजन्य द्रव्य निरुपद्रवीच असते, असेही नाही. व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावते, हे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील प्रयोगांत दिसले होते. म्हणून गरोदर स्त्रियांना अडुळसा देऊ नये. जपानी बाद्यान तर विषारीच असते.

लहान मुलांच्या बाबतीत काढ्यापेक्षा घड्याळ अधिक कामाचे. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलात ते ४० किंवा अधिक भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. अशा वेळी काढा उकळत न बसता मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे.