पंखा हलला का?

२०१८ ची दिवाळी नुकतीच संपली होती. फराळाचे रिकामे डबे घासून मी ओट्यावर पालथे घातले होते. ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते डबे एकमेकांवर आपटून किणकिणले. "मांजर असेल गं," सासूबाई म्हणाल्या. मांजर नव्हतं.

डहाणू-तलासरीच्या मैत्रिणींना पुढचं सांगायला नकोच. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी, सगळीकडून तेच ऐकू यायचं. आधी जमिनीच्या पोटातून 'धुडूम' असा आवाज, मग हादरा. १ फेब्रुवारी २०१९ ला, शुक्रवारी, दिवसभर धक्क्यांवर धक्के बसले. सर्वांत मोठा ४.१ रिश्टरचा. घाबरून पळताना पडून एक दोन वर्षांची पोर गेली. मग तंबू आले, थंडीत माणसं अंगणात झोपू लागली, शाळेची पोरं वर्गाबाहेर बसून शिकू लागली. त्याच वर्षी जुलैत, ऐन पावसात, भिंत कोसळून एक जण दगावला. हैदराबादच्या भूभौतिकी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ यंत्रं बसवून गेले. धक्के उथळ आहेत, म्हणून लहान असले तरी जाणवतात आणि आवाज होतो, एवढं आम्हाला कळलं. थांबणार कधी, ते मात्र कोणीच सांगू शकत नव्हतं.

मी राहते डहाणू गावात. आमच्याकडे हादरे पाड्यांपेक्षा कमीच जाणवायचे. पण माझ्या मनात जे सुरू झालं ते काही कमी नव्हतं. दर पाच मिनिटांनी नजर पंख्याकडे. पंखा हलला का? टेबलावर पाण्याने भरलेला पेला ठेवून मी त्याच्याकडे टक लावून बसायचे. बाहेरून ट्रक गेला तरी काळजात धस्स! रात्री दोन-दोनदा लेकीला उठवून दाराजवळच्या खाटेवर झोपवायचे. तिची दहावीची परीक्षा महिन्यावर आलेली. एक दिवस ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, मला भूकंपाची नाही, तुझी भीती वाटते."

त्याहून लाजेची गोष्ट सांगते. तलासरीच्या पाड्यांवर आमचे महिला बचत गट आहेत. दर आठवड्याला मी जायचे. फेब्रुवारीत तीन आठवडे गेले नाही. पाय मुरगळलाय, असं सांगितलं. ज्या बायका रोज त्या हादऱ्यांवर झोपत होत्या, त्यांना मी पाय मुरगळल्याची थाप मारली.

घरचे म्हणायचे, चांगला विचार कर, काही होत नाही. माझा या सल्ल्यावर तेव्हाही राग होता, आजही आहे. काही होत नाही कसं? एक लेकरू गेलं होतं. वाईट विचार खोटा आहे असं स्वतःला पटवायला गेले की तो दुप्पट जोराने यायचा. मग वाटायचं, आता विचारच करायचा नाही. तेही जमेना. पुढे एका मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलं. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या! माझं पांढरं अस्वल म्हणजे तो पंखा.

चौथ्या आठवड्यात हिय्या करून गेले. गटातल्या एका आजींच्या अंगणात बैठक होती. कुडाचं घर, बाहेर ताडपत्रीखाली अंथरुणं. आजी सुपात तांदूळ पाखडत होत्या. बोलता बोलता धुडूम झालं. मी ताडकन उभी राहिले. आजींनी सूप खाली ठेवलं, घराकडे बघितलं, नातवंडं कुठे आहेत ते बघितलं, आणि सूप परत उचललं. मी विचारलं, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटं ना! पण ताई, तो येल तवा येल. त्याची वाट बघत बसू तर तांदूळ कोण पाखडंल?"

मला वाटायचं, धीट माणसांच्या मनात भीती येतच नाही. आजींच्या मनात ती येत होती. पण त्या तिच्याशी भांडतही नव्हत्या आणि तिला पाटावर बसवून जेवायलाही वाढत नव्हत्या.

घरी येऊन मी आधी हातापायांची कामं केली. फडताळाच्या वरच्या फळीवरची जड भांडी खाली उतरवली. लेकीची खाट भिंतीपासून आणि कपाटापासून सरकवली. दाराकडे जायची वाट मोकळी केली, बॅटरी उशाशी ठेवली. भीती जे खरोखर सांगत होती तेवढं ऐकून झालं. त्यानंतरही डोक्यात जे वाजत राहायचं त्याला मी नाव दिलं, 'पंखेवाली'. "आज घर पडणार," असं मनात आलं की मी म्हणायची, "आली पंखेवाली. म्हणतेय, घर पडणार." एवढंच. तिला हाकलायचं नाही आणि वाद घालायचा नाही. हातातली पोळी लाटत राहायची. घर पडणं वेगळं आणि घर पडेल असा विचार येणं वेगळं, हे कळायला मला तीन महिने लागले. बी. ए. ला मानसशास्त्र हा विषय होता, हे विशेष!

आणखी एक गोष्ट त्या पुस्तकात सापडली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी आपल्याकडे प्रा. कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. एलिस यांचं म्हणणं असं की, घटनेइतकाच आपला हट्ट आपल्याला छळतो. माझा हट्ट होता, 'माझ्या घरात असं घडताच कामा नये, आणि घडणार नाही याची खात्री मला आजच हवी.' जमिनीकडून खात्री मागत होते मी! 'घडू नये असं मला फार वाटतं' एवढ्यावर आल्यावर झोप थोडी लागू लागली. थोडीच. काही रात्री अजूनही वाईट जायच्या.

हे सगळ्यांना पुरेल असं मात्र नाही. गटातल्या एका सुनेला आठवडेच्या आठवडे झोप नव्हती, जेवण तुटलं होतं, जगणंच नको म्हणायची. तिला नाव-बिव द्यायला सांगणं म्हणजे क्रूरपणा झाला असता. तिला आम्ही डॉक्टरांकडेच नेलं, आणि गोळ्यांनी ती सावरली. आता ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही बोलता येतं, मराठीतही बोलता येतं. फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबरशेजारी लिहून ठेवा.

धक्क्यांची मालिका २०२० मध्येही चालू होती. लेक दहावी पास झाली, पुढे शिकायला नाशिकला गेली. पंखेवालीने लगेच विषय बदलला. आता ती म्हणते, पोरीने फोन उचलला नाही म्हणजे नक्की काहीतरी झालं. परवा रात्री साडेनऊला तीन वेळा फोन लावला, उचलला नाही. चौथ्यांदा लावायला बोट गेलं. मग फोन ओट्यावर ठेवला आणि सकाळसाठी मटकी भिजत घातली.

दहा वाजता तिचाच फोन आला. "आई, मेसमध्ये होते गं. तीनच मिस्ड कॉल? बरी आहेस ना?"