खाटेशेजारची गुणपत्रिका

मेडिसिन वॉर्डातून मानसोपचार विभागाकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच ओळ असते: पेशंट स्थिर आहे, अभिप्राय द्यावा. जिवावरचं संकट टळलं, ऑक्सिजन निघाला, आता घरी सोडायचं का ते तुम्ही सांगा, असा त्याचा अर्थ. छत्रपती संभाजीनगरमध्ये समुपदेशक म्हणून मी हे काम करते. स्वतःला इजा करून घेऊन वाचलेल्या माणसाच्या खाटेशेजारी स्टूल ओढायचं, बोलायचं, ऐकायचं आणि शेवटी केसपेपरवर एक शब्द लिहायचा: धोका कमी, मध्यम किंवा जास्त. या शब्दावर पुढचं बरंच ठरतं. ‘कमी’ लिहिलं की संध्याकाळपर्यंत डिस्चार्ज. ‘जास्त’ लिहिलं की नातेवाइकांच्या सह्या, खाटेशेजारी चोवीस तास माणूस, मानसोपचार वॉर्डात हलवण्याची बोलणी, आणि घरच्यांच्या चेहऱ्यावर नवी भीती.

हा शब्द ठरवायला छापील मोजपट्ट्या आहेत. ॲरन बेक आणि सहकाऱ्यांची १९७४ ची हेतू मोजणारी मोजपट्टी, १९८३ ची दहा कलमांची ‘सॅड पर्सन्स’, अलीकडची कोलंबिया प्रश्नावली. ‘सॅड पर्सन्स’ सगळ्यांत सुटसुटीत, लक्षात ठेवायला सोपी. पुरुष असेल तर एक गुण. वय १९ च्या आत किंवा ४५ च्या वर असेल तर एक. नैराश्य, आधीचा प्रयत्न, दारू, विचारांचा तोल सुटणं, आधार नसणं, ठरवून केलेली तयारी, जोडीदार नसणं, जुनाट आजार, या प्रत्येकाला एक. बेरीज दोनपर्यंत असेल तर पाठपुरावा सांगून घरी सोडा, सात किंवा जास्त असेल तर दाखल करा, असं मूळ कोष्टक सांगतं.

आता हा कागद घेऊन आमच्या वॉर्डात या. बाविशीतली एक बाई आहे, कन्नडच्या बाजूच्या एका वस्तीवरची. (ही एकच बाई नव्हे. ओळख राहू नये म्हणून काही जणींचे तपशील एकत्र केले आहेत.) बाई म्हणून शून्य. वय मधलं, शून्य. दारू नाही. आजार नाही. लग्न झालेलं, नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा, म्हणजे जोडीदाराचा गुण नाही. आधार? सासू, जाऊ, दीर, चुलत सासरे, सगळा गोतावळा हजर. आधीचा प्रयत्न? उत्तर सासूच देते, “नाही ओ मॅडम, आमच्याकडं असलं कधीच नव्हतं.” ठरवून केलं होतं का? नवरा म्हणतो, “रागात झालं, दुसरं काही नाही.” उदासीचा तेवढा एक गुण, बेरीज एक. कोष्टकाप्रमाणे ती घरी जाऊ शकते.

सासूला मी एक्स-रेचा रिपोर्ट आणायला पाठवते आणि नवऱ्याला केसपेपरची झेरॉक्स काढायला. वॉर्डात एकांत मिळवायचा तो असाच. मग पडदा अर्धा ओढून विचारते, “ताई, रात्री झोप लागते का?” बराच वेळ ती काही बोलत नाही. नंतर सांगते, की लग्नाआधी बारावीला असताना एकदा असंच झालं होतं, ते सासरी कुणाला माहीत नाही. माहेरी फोन करायचा तर नवऱ्याच्या मोबाईलवरून, आणि तो शेजारी उभा असताना. “इथं चार दिवस झाले, इथं बरं वाटतंय,” असंही म्हणते. कागदावर ज्या दोन गोष्टी तिच्या जमेला धरल्या होत्या, नवरा आणि भरलं घर, त्याच तिच्या जिवावर उठल्या आहेत. मोजपट्टी बनवणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांच्या आकडेवारीत लग्न झालेला माणूस सरासरीनं सुरक्षित होता. पण त्या सरासरीत ही वस्ती नव्हती.

पलीकडच्या खाटेवर पन्नाशीचे काका. पुरुष एक, वय एक, दारू एक, शुगर एक, झोप नाही, मन कशात नाही, आणखी एक. आधी एकदा प्रयत्न झालेला, सहा. त्यांचं पारडं एवढं जड, की डॉक्टर त्यांच्याशी हळू आवाजात बोलतात. त्यांची काळजी घ्यायलाच हवी. पण सहा या आकड्यावरून काय करायचं ते कळत नाही. पुरुष असणं किंवा पन्नाशी ओलांडणं यावर कुठलंही औषध नाही. त्यांना हवं आहे ते असं: झोप, दारू सुटायला मदत, सोसायटीच्या थकबाकीबद्दल कुणीतरी बँकेत बरोबर येणं, आणि चाकणच्या कंपनीतल्या मुलानं दिवाळीपर्यंत गावी राहणं. यातलं एकही बेरजेत नाही.

हे केवळ माझं मत असतं तर मी लिहिलं नसतं. इंग्लंडमध्ये रुग्णालयांत स्वतःला इजा करून आलेल्या प्रौढांचे ४८३ प्रसंग घेऊन एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पाच मोजपट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि सहा महिने वाट पाहिली. ३० टक्के प्रसंगांनंतर पुन्हा तसंच घडलं. ‘सॅड पर्सन्स’नं त्यांतले किती आधी ओळखले होते? शंभरात एक. दुसऱ्या टोकाला मँचेस्टरची मोजपट्टी होती, तिनं शंभरातले ९७ पकडले, पण त्यासाठी जवळजवळ सगळ्यांनाच धोक्याच्या यादीत घातलं होतं. कुठल्याही मोजपट्टीनं ‘धोका जास्त’ म्हटलेल्यांपैकी निम्म्यांच्या बाबतीतसुद्धा ते खरं ठरलं नाही. याच अभ्यासात डॉक्टरांना आणि खुद्द पेशंटलाही साधं विचारलं होतं, की पुन्हा असं होईल असं तुम्हाला किती वाटतं? ते अंदाज बहुतेक मोजपट्ट्यांपेक्षा सरस निघाले. पेशंटला आपल्याबद्दल विचारावं, ही गोष्ट कोष्टकात सहसा नसतेच.

जीव जाण्याच्या धोक्याबद्दल हिशोब आणखी कठीण होतो. ॲलेक्स पोकॉर्नी यांनी अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयात ४,८०० मनोरुग्णांची सगळी माहिती टिपली आणि काही वर्षं त्यांचा माग ठेवला. १९८३ मध्ये निष्कर्ष छापला. त्या काळात ६७ जण आत्महत्येनं गेले. सगळी माहिती गणितात घालूनही त्यांतले साधारण निम्मेच आधी ओळखता आले, आणि त्यासाठी हजाराहून जास्त लोकांवर चुकीचा शिक्का बसला. कारण सोपं आहे. जी घटना मोठ्या समूहात थोड्यांच्याच वाट्याला येते, ती कुणाच्या वाट्याला येणार हे त्या समूहाच्या लक्षणांवरून सांगता येत नाही. लक्षणं हजारांत असतात, घटना थोड्यांत घडते. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्येच असंही दिसलं, की ‘जास्त धोका’ ठरवलेल्या शंभरांपैकी पाच-सहा जण पुढे आत्महत्येनं गेले. उरलेले ९४-९५ गेले नाहीत. आणि जे गेले, त्यांतले पुष्कळ ‘कमी’च्या रकान्यातले होते.

हे गणित मराठवाड्याला नवं नाही, फक्त आपण त्याकडे तसं पाहिलं नाही. २०२३ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांच्या पुढाकारानं, याच शहरातल्या आयुक्तालयातून, मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांचं घरोघरी सर्वेक्षण झालं. कर्ज, पीक, आजारपण, मुलीचं लग्न, मनातले विचार, असे शंभराच्या आसपास प्रश्न. सुमारे एक लाख शेतकरी आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचले आहेत, असा निष्कर्ष निघाला आणि बातम्यांचे मथळे झाले. त्याच वर्षी विभागात १,०८८ शेतकऱ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. ते सगळेच्या सगळे त्या यादीत होते असं धरून चाललं, तरी शंभरातले नव्व्याण्णव वेगळ्याच वाटेनं गेले. म्हणून यादी खोटी ठरत नाही. एक लाख माणसं त्रासात आहेत हे तिनं खरंच सांगितलं. ‘यातला कोण?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र तिच्यात नव्हतं. केंद्रेकरांनी शिफारस केली ती पेरणीआधी एकरी दहा हजार रुपयांच्या थेट मदतीची. कोण मरेल ते शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांच्या गळ्याचा फास सैल करायचा, असा तो विचार होता. मला तो वॉर्डातही लागू वाटतो.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेनं सप्टेंबर २०२२ मध्ये हे स्पष्ट लिहिलं: पुढे काय होईल याचं भाकीत करण्यासाठी मोजपट्ट्या वापरू नका, माणसांची कमी-मध्यम-जास्त अशी विभागणी करू नका, आणि अशा आकड्यावरून कुणाला उपचार द्यायचे, कुणाला घरी सोडायचं ते ठरवू नका. त्याऐवजी या माणसाची गरज काय, ते पाहा.

आपल्याकडे त्यात एक गाठ जास्तीची आहे. अशी प्रत्येक केस एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे कळवावी लागणारी केस, असते. समुपदेशकाच्या आधी पोलीस जबाब घेऊन गेलेले असतात, आणि जबाबात बहुतेकांनी “चुकून झालं” असं सांगितलेलं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ मे २०१८ पासून लागू आहे. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही, असं ते सांगतं. त्याला उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य, हेही त्याच कलमात आहे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही. पण ही बातमी वस्तीपर्यंत पोचलेली नाही. मी आले की आधी मोबाईल बाजूला ठेवते आणि सांगते, “मी पोलिसांची नाही, तुम्ही गुन्हा केलेला नाही.” हे वाक्य खरं वाटायला दुसरी भेट लागते. पहिल्या भेटीत भरलेल्या हेतूच्या मोजपट्टीत काय उतरतं, ते यावरून समजावं: भीतीपोटी दिलेली उत्तरं, आणि त्यांची नीटनेटकी बेरीज.

तर मग केसपेपरवर लिहायचं काय? डॉक्टरांची अडचण खरी असते. उद्या काही झालं तर फाइलमध्ये आकडा होता, असं दाखवता येतं. त्या भीतीला उत्तर म्हणून मी शब्दाऐवजी चार ओळी लिहायला लागले. त्या बाविशीच्या बाईच्या कागदावर त्या अशा होत्या: आधीचा एक प्रयत्न, घरी गुप्त. सासरी एकटी बोलू शकत नाही. डिस्चार्जनंतर काही आठवडे माहेरी, भावाशी बोलणं झालं, त्याचा नंबर घेतला. फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवायला दिराला सांगितलं, त्यानं मान्य केलं. निवासी डॉक्टरांनी वाचलं आणि विचारलं, “पण मॅडम, कमी की जास्त?” मी म्हटलं, “डॉक्टर, बुधवारी फोन, सोमवारी ओपीडी.” त्यांनी ते तसंच डिस्चार्ज कार्डावर उतरवलं.

फोनचं महत्त्व मला चेन्नईच्या कामातून कळलं. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक प्रयोग केला, त्यात भारतातलं केंद्र चेन्नई होतं. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात आलेले १,८६७ जण. कुणाचाही धोका मोजून निवड केली नाही, सोडत काढावी तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याच्याबरोबर डिस्चार्जच्या सुमारास तासभर बोलणं, आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. दीड वर्षानंतर पहिल्या गटात आत्महत्येनं गेलेले २.२ टक्के होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत इतका मोठा फरक दिसलेला नाही, हे सांगायला हवं. तरी सुरुवातीचे फोन किती जवळजवळ आहेत ते पाहा. घरी गेल्यावरचे पहिले आठवडेच सगळ्यांत अवघड असतात.

फोन करणं ऐकायला सोपं, करायला चिवट काम. दिलेला नंबर नवऱ्याचा असतो, किंवा गावातल्या दुकानदाराचा. रिचार्ज संपलेला असतो. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीकडे निघून जातं आणि नंबर बंद लागतो. म्हणून डिस्चार्जआधी दोन नंबर घेते, एक माहेरचा किंवा मित्राचा. दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं तेही पेशंटशीच ठरवते: “दवाखान्यातून बोलतेय, तपासणीची तारीख सांगायची होती.” दुपारी दोन ते तीन ही वेळ बरी, माणसं जेवून शेताच्या बांधावर सावलीला असतात, घरचे कान लांब असतात. नंबर लागलाच नाही तर गावच्या आशाताईला विचारते, तेही पेशंटनं आधी होकार दिला असेल तरच. माझ्या वेळेबाहेर लागला तर असावा म्हणून प्रत्येक कार्डाच्या मागे टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लिहिते. तो रात्रीही चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

इथल्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाण्यापर्यंतचे पेशंट येतात. शहरातल्या खासगी दवाखान्यांतही तेच. या माणसांना घरी गेल्यावर फोन करणं हे कुणाच्याही नेमणूक-पत्रात लिहिलेलं काम नाही. ज्याला वाटतं तो वेळ काढून करतो, बदली झाली की थांबतं. माझी मागणी एवढीच आहे, की हे एक पगारी पद असावं, त्याला रुग्णालयाचा स्वतःचा मोबाईल नंबर असावा, आणि स्वतःला इजा करून आलेल्या प्रत्येकाचं नाव, बेरीज कितीही येवो, त्या फोनच्या वहीत पहिल्याच दिवशी चढावं.