कोड : कलंक नव्हे, एक त्वचाविकार

विवाहाची बोलणी सुरू असताना मुलीच्या हातावर पांढरा डाग दिसतो आणि बोलणी तेथेच थांबतात. धाकट्या भावंडांच्या लग्नात अडथळा नको म्हणून घरातील मोठ्या मुलाचा डाग वर्षानुवर्षे लपविला जातो. असे प्रसंग आपल्या समाजात आजही घडतात. कोडामुळे शरीराला सहसा वेदना होत नाहीत. मनाला मात्र लोकांच्या नजरा फार दुखवितात. म्हणूनच या विकाराची शास्त्रीय माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे आवश्यक आहे.

कोड म्हणजे काय?

आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्यास 'मेलॅनिन' म्हणतात. ते तयार करणाऱ्या रंगपेशी नष्ट झाल्या की त्या जागी दुधासारखा पांढरा डाग उमटतो. जगातील सुमारे अर्धा ते दोन टक्के लोकांना हा विकार आहे. तो सर्व वंशांत, स्त्री-पुरुषांत आणि कोणत्याही वयात आढळतो. सावळ्या त्वचेवर डाग उठून दिसतात, त्यामुळे आपल्याकडे त्याची चर्चा व भीती अधिक.

कुष्ठरोगाशी संबंध नाही

'श्वेतकुष्ठ' या जुन्या नावाने मोठा घोटाळा केला आहे. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो व त्याच्या चट्ट्यावर बधिरता येते. कोडाच्या डागावर स्पर्शाची जाणीव शाबूत असते, आणि स्पर्शाने, एकत्र जेवण्याने वा संसाराने कोड पसरत नाही. चट्टा बधिर वाटल्यास मात्र त्वरित तपासणी करावी. कुष्ठरोगावरील औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात व तो पूर्ण बरा होतो.

पवित्र शास्त्राचा आधार घेऊन कोडाला पापाची शिक्षा मानणाऱ्यांनी लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय नीट वाचावा. तेथे याजकाने त्वचेवरील चट्टे कसे तपासावेत याचे नियम आहेत. पुरुषाच्या वा स्त्रीच्या कातडीवर केवळ फिकट पांढरे डाग असल्यास ती व्यक्ती शुद्धच होय, असे ३८ व ३९ या ओव्या सांगतात. इतक्या प्राचीन काळीही प्रत्येक पांढरा डाग अशुद्ध मानलेला नव्हता!

कारणे

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला करते, हे कोडाचे प्रमुख कारण होय. त्यामुळेच काही रुग्णांत थायरॉईडचे विकारही आढळतात व डॉक्टर त्यासाठी रक्ततपासणी सुचवितात. अनुवंशिकतेचा काही वाटा असतो. तरीही आईला वा वडिलांना कोड असलेल्या बहुसंख्य मुलांना ते होत नाही. काही रुग्णांत खरचटलेल्या, भाजलेल्या वा सतत घासल्या जाणाऱ्या जागी नवे डाग येतात. चिकट टिकलीतील किंवा रबरी चपलेतील काही रसायनांमुळेही नेमक्या त्याच जागी त्वचेचा रंग जातो. अशा वेळी ती वस्तू तत्काळ बंद करावी.

मासे खाऊन दूध प्याल्याने कोड होते, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. रुग्णाला मासे, दूध वा आंबट पदार्थ तोडायला लावून त्याचे पोषण कमी करू नये.

उपचार

प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो. शिबे किंवा मुलांच्या गालावरील फिकट चट्टे वेगळे असतात. म्हणून प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान करून घ्यावे. उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितका लाभ अधिक.

लहान डागांवर स्टेरॉईड किंवा टॅक्रोलिमस मलम देतात. स्टेरॉईड मलम दुकानातून परस्पर आणून लावल्यास त्वचा पातळ होते, हे ध्यानात ठेवावे. डाग अधिक असल्यास विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीन वेळा, अनेक महिने घ्यावा लागतो. आयुर्वेदातील बावची आणि आधुनिक सोरालेन औषधे यांचे तत्त्व एकच, प्रकाशाच्या साह्याने रंग परत आणणे. परंतु बावचीचे तेल लावून मनाने उन्हात बसल्यास त्वचा भाजून फोड येतात. डाग वर्षभर स्थिर राहिले असतील, तर निरोगी त्वचेतील रंगपेशी त्या जागी रोपण्याची शस्त्रक्रिया करता येते. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारा वर्षांवरील रुग्णांसाठी रुक्सोलिटिनिब मलमाला मान्यता दिली. प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याला ते आतून आवर घालते.

चेहरा व मानेवरील डाग उपचारांना चांगला प्रतिसाद देतात; बोटांची टोके, ओठ आणि केस पांढरे झालेली जागा यांना वेळ लागतो व यश कमी मिळते. कायमच्या मुक्तीची हमी कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. 'महिन्यात कोड साफ' अशा जाहिरातींपासून दूर राहावे.

समाजाचे कर्तव्य

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता असोसिएशन' ही संस्था कोड असलेल्यांना एकत्र आणून धीर देते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' या २००६ सालच्या मराठी चित्रपटाने हाच प्रश्न घराघरांत पोहोचविला. २५ जून हा जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो.

उपचार डॉक्टर करतील; परंतु रुग्णाला समारंभात सन्मानाने बोलावणे, त्याच्या मुलांशी आपली मुले खेळू देणे आणि स्थळ पाहताना डाग न पाहता माणूस पाहणे, हे काम आपलेच आहे. त्यासाठी कोणतेही औषध लागत नाही.